कठड्याच्या गाद्या

१

दुपारी एक ते तीन हे दोन तास दाभणचे असत. बायको शाळेच्या कचेरीत कामाला, ती साडेतीनला यायची. सात महिन्यांची ठमी एकला दूध पिऊन झोपायची ती तीनपर्यंत. तेवढ्या वेळात पुढच्या खोलीत मशीनवर बसून तो गाड्यांच्या सीटा शिवायचा. उंच, अंगाने वाळलेला, त्यात हातात सदान्‌कदा जाड सुई, म्हणून बाजारात त्याला सगळे दाभण म्हणत. त्यालाही ते नाव आवडायचं. निदान नाव सांगताना लाजावं लागत नसे. सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं.

आतल्या खोलीचं दार तो अर्धं उघडं ठेवायचा. दहा-बारा टाके झाले की मशीन थांबवायचा आणि कान द्यायचा. आतून काही आलं नाही की पुन्हा पाय चालवायचा. ही सवय ठमी घरी आल्यापासूनची.

त्या दिवशी मशीन थांबवलं तेव्हा आतून आवाज आला. ठक.

लाकडावर काहीतरी आपटल्याचा. फार मोठा नाही. त्याने वाट पाहिली. मनातल्या मनात चार आकडे झाले आणि पुन्हा, ठक. तसाच, तेवढाच.

तो उठून गेला. खोलीत ऊन पडद्यातून गाळून येत होतं. ठमीची कॉट भिंतीपासून हातभर पुढे, चारही बाजूंनी उभ्या लाकडी गजांचा कठडा. ठमी बरोबर मधोमध उताणी झोपली होती, दोन्ही हात डोक्याशेजारी टाकून, कोणीतरी बंदूक रोखल्यासारखे. कठडा तिच्या डोक्यापासून दीड वीत लांब. कपाळावर मात्र एक उभी लाल रेघ होती, गजाच्या जाडीची.

'लोळली, आपटली, परत मध्ये आली,' तो स्वतःशी म्हणाला. पोरं लोळतातच.

मशीनवर येऊन बसला, सुईत दोरा ओवला आणि तसाच थांबला. ठमीला उताण्याची पालथी व्हायला येत होतं. पालथीची उताणी व्हायला अजून येत नव्हतं. पालथी झाली की ती अडकायची आणि घर डोक्यावर घ्यायची. मग रडली कशी नाही?

'आज शिकली असेल,' त्याने ठरवलं. संध्याकाळी त्याने तिला चादरीवर पालथी ठेवून पाहिली. ती अडकली आणि रडायला लागली.

२

रविवारी सासूबाई आणि ताई आल्या. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण, मुलांच्या वॉर्डात परिचारिका. बारा वर्षं तेच काम, त्यामुळे घरात आली की आधी चप्पल काढायची आणि मग ठमीची नखं बघायची.

सासूबाईंची नजर रेघेवर गेली. "हे काय झालं?"

"कठड्याला लागलं," बायको म्हणाली. "दुपारी झोपेत."

"काय हो जावईबापू," सासूबाई त्याच्याकडे वळल्या, "जगाच्या बुडाखाली गाद्या घालता आणि लेकीच्या डोक्याला लाकूड? चारी बाजूंनी चार गाद्या बांधून टाका की. तुम्हाला काय, हातचा मळ."

"बांधायच्या नाहीत," ताई म्हणाली. ठमीला तिने मांडीवर घेतलं होतं आणि बोलताना तिच्याकडेच बघत होती. "कॉटमध्ये गादी एकच, खालची. बाजूला काही नाही. तोंड गादीत रुतलं की या वयाच्या मुलाला मान वळवता येत नाही. गुदमरतं. आवाजही होत नाही."

"तुम्हा दोघींना मी उशांच्या किल्ल्यात वाढवलं. गुदमरलात का?"

"ही थोडी गुदमरली असणार," ताईने हनुवटीने बहिणीकडे खूण केली. "त्याशिवाय अशी निघाली नसती."

"आणि तू जाशील तिथे लोकांना घाबरवत फिर," बायको म्हणाली, पण हसली.

ताई नाही हसली. "टेंगूळ आलं तर दोन दिवसांत उतरतं. श्वास गेला तर गेला. मी वॉर्डात दोन बघितलीत. दोन्ही घरांत गाद्या आजीच्या हौसेच्या होत्या."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. मग सगळ्यांनीच दाभणकडे पाहिलं.

"बघू," तो म्हणाला.

"लग्नाचं विचारलं तेव्हाही हेच म्हणाले होते," सासूबाई म्हणाल्या. "दोन वर्षं बघत बसले."

त्या गेल्यावर बायकोने भांडी विसळता विसळता विचारलं, "खरंच सांग. तुला काय वाटतं? मला ताईचंही पटतं आणि आईचंही."

त्याला सांगायचं होतं की आवाज रात्री नाही, दुपारच्याच झोपेत येतो, बरोबर चार आकड्यांनी. की ठमी कठड्यापासून लांब असते. पण हे बोलून दाखवलं की कसं वाटेल ते त्याने मनात ऐकून पाहिलं आणि ओली भांडी पुसायला घेतली.

सोमवारी सात वेळा ठक झालं. शेवटच्या वेळी तो पळत आत गेला. ठमी मधोमध, उताणी, शांत. भुवईवर कातडी फाटली होती आणि रक्ताचा एक थेंब कानाकडे निघाला होता. इतकं लागूनही ती रडली नव्हती. झोपेत ओठ मात्र चोखत होती.

त्याने रक्त पुसलं, पुढच्या खोलीत आला आणि फोमचा तुकडा कापायला घेतला. त्याला एवढंच येत होतं. टणक काही लोकांच्या अंगाला लागू नये, याचंच तर त्याने आयुष्यभर काम केलं होतं.

३

ताईचं त्याने अगदीच ऐकलं नाही असं नाही. फोम घेतला तो दीड इंची आणि घट्ट, तोंड रुतू नये असा. वरून रेक्झिन न घालता विरळ विणीचं सुती कापड घातलं आणि त्यावर तोंड दाबून श्वास घेऊन पाहिला. नाड्या चार बोटांच्याच ठेवल्या, गळ्याभोवती जाऊ नयेत म्हणून, आणि गाठी बाहेरच्या बाजूला. एकूण सहा गाद्या. बायकोने हात फिरवून पाहिला. "ताईला सांगू नकोस," ती म्हणाली.

मंगळवारी दुपारी आतून काही आलं नाही. दहा टाके, थांबला, शांत. पुन्हा दहा, पुन्हा शांत. तो चक्क गुणगुणायला लागला. तीन वाजायच्या आत दोन सीटा हातावेगळ्या झाल्या.

तीनला तो आत गेला. ठमी झोपलेलीच. डोक्याकडची गादी थोडी वाकडी दिसली म्हणून त्याने ती सोडून हातात घेतली.

फोम लगेच मूळ आकारावर येत नाही. घट्ट फोम तर अजिबात नाही. जुनी सीट उघडली की दाभण सांगायचा, गाडी चालवणारा डावीकडे कलून बसतो, त्याच्या मागच्या खिशात पाकीट असतं, वजन ऐंशीच्या वर. गिऱ्हाईक चाट पडायचं. यात जादू काही नव्हती. खड्डे बघून बघून डोळा बसला होता.

गादीच्या आतल्या बाजूला, ठमीकडच्या बाजूला, खड्डा होता. रुंद, किंचित गोल, वरच्या काठाला उथळ आणि खाली खोल. कपाळाचा. एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटलेल्या कपाळाचा, कारण कडेच्या सुरकुत्या एकावर एक चार-पाच पडल्या होत्या. फोम इतका दबला होता की मागच्या बाजूला गजांचे वळ उमटले होते. असा दाब यायला मागे मोठ्या माणसाचं वजन लागतं. ठमीचं डोकं त्या खड्ड्यात वाटीत लिंबू ठेवल्यासारखं मावलं असतं.

त्याने टेप आणून रुंदी घेतली. मग इकडेतिकडे पाहिलं, गुडघ्यावर बसला आणि स्वतःचं कपाळ त्या खड्ड्यात टेकवून पाहिलं.

दोन्ही बाजूंना बोटबोट जागा उरली.

बसलं असतं तर बरं झालं असतं. मग आपण झोपेत चालतो, आपल्याला काहीतरी झालंय, डॉक्टरकडे जायला हवं, असं काहीतरी म्हणता आलं असतं.

मागे ठमी जागी झाली आणि किंचाळली. त्याने तिला उचललं, डोक्यामागे हात धरला आणि हात तसाच राहिला. डोक्याच्या मागे, उताणी झोपल्यावर जो भाग गादीला टेकतो तिथे नव्हे, त्याच्या जरा वर, कानाच्या मागे, कोंबडीच्या अंड्याएवढं टेंगूळ होतं. गरम. हाताखाली ठणकत होतं.

४

ताई कामावरून तशीच आली. ठमीच्या डोळ्यांत छोटा दिवा मारून पाहिला, टेंगळावर बोट दाबलं, मान, खांदे, बरगड्या सगळं चाचपलं. मग कॉटकडे गेली आणि गाद्या पाहिल्या.

"पडली का?" तिने विचारलं.

"नाही," दाभण म्हणाला.

"हातातून निसटली? होतं असं. माणूस दमतो. सांगायला लाज वाटते."

"नाही."

"कठड्याला तर लागलेलं नाही. कठड्याला तुम्ही गाद्या बांधल्यात." ती हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली. "दुपारी घरात कोण असतं, भाऊजी?"

"ताई," बायको म्हणाली.

"मी हे रोज विचारते. अनोळखी लोकांना विचारते. इथे विचारायचं नाही का?"

दाभणने डोक्याकडची गादी उचलली. "आवाज यायचा," तो म्हणाला. "रोज. ठक ठक. गाद्या लावल्या आणि बंद झाला. त्यात मोठा खड्डा आहे, बघा तुम्ही, माझ्या कपाळापेक्षा..." त्याने गादी पुढे केली. पण दोन तास उलटून गेले होते. फोम सपाट झाला होता.

ताईने गादीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुमच्या कपाळापेक्षा म्हणजे? तुम्ही कपाळ लावून पाहिलंत?"

बायकोने पिशवी भरली. ठमीचे कपडे, दुधाची बाटली, औषध. भरताना तिने एकदाही वर पाहिलं नाही. दारात मात्र थांबली. "चार दिवस ताईकडे राहते. ओरडू नकोस."

तो आयुष्यात कोणावर ओरडला नव्हता.

बुधवारी आणि गुरुवारी तो एक वाजता कॉटशेजारी स्टूल टाकून बसला. खोलीत नळाच्या टाकीचा आवाज, बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. तीन वाजेपर्यंत काही झालं नाही. गाद्या जशाच्या तशा. दुसऱ्या दिवशी उठताना त्याने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. ठमी नसली की काही होत नाही. किंवा ठमी आपल्याजवळ नसली की काही होत नाही. दोन्ही वाक्यं सारखीच बसत होती, आणि यातलं खरं कोणतं हे या खोलीत बसून कळणार नव्हतं.

५

शुक्रवारी पावणेदोनला फोन आला. ताईचा. "या," ती म्हणाली आणि पुढे काहीच नाही, फक्त मागून ठमीचं रडणं.

इस्पितळाच्या बाकावर बायको ठमीला घेऊन बसली होती. ठमीच्या डोक्याला पट्टी होती, आत तीन टाके. ताई भिंतीला टेकून उभी. तिच्या कुर्त्यावर रक्त आणि उजव्या हाताच्या दोन बोटं पट्टीने एकत्र बांधलेली.

"मी जमिनीवर झोपवलं होतं," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "खोलीच्या मध्यावर. पातळ गादी. जवळ भिंत नाही, उशी नाही, खेळणं नाही. पुस्तकात लिहिलंय तसं. मी तीन हातांवर कपड्यांच्या घड्या घालत बसले होते."

बायकोने ठमीला जास्त घट्ट धरलं.

"तिचं डोकं हललं नाही, भाऊजी. डोकं जागेवर होतं आणि वरून त्याच्यावर... हाडावर हाड आपटलं की कसा आवाज होतो, मला माहीत आहे. अपघाताच्या वॉर्डात होते मी आधी. मला दिसलं काहीच नाही. कातडी फाटताना दिसली. मी जाईपर्यंत दुसरा फटका बसला. तिसऱ्याला मी हात मध्ये घातला." तिने बांधलेली बोटं थोडी वर केली. "मग उचललं. ती जागी झाली आणि थांबलं."

"डॉक्टरांनी काय लिहिलं?" दाभणने विचारलं.

"पडल्यामुळे इजा. मीच सांगितलं तसं लिहायला." ती दाभणकडे वळली. "मी तुम्हाला जे विचारलं ना..."

"राहू द्या," दाभण म्हणाला. त्याला त्याचा राग आलाच नव्हता. दोन दिवस तो स्वतःलाच तेच विचारत होता.

घरी येताना तो रिक्षातून बाहेर बघत होता. एका वळणावर म्हणाला, "त्याला टणक काहीतरी लागतं."

"कोणाला?" बायको म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "नको सांगू."

"गज होते तेव्हा ते गजांवर आपटायचं. ठमीला ओझरतं लागायचं, रेघ यायची, भुवई फुटली, पण तेवढंच. मी गज मऊ केले. मग कॉटमध्ये टणक काय राहिलं? ताईंनी तर आजूबाजूचं सगळंच काढून टाकलं."

बायकोने ठमीच्या पट्टीवर हात ठेवला. डोक्यावर नाही, पट्टीवर, जेमतेम टेकवून.

शनिवारी तिने रजा काढली आणि ठमीला खांद्यावर घेऊन दुपारभर खोलीत फिरली. झोपूच द्यायचं नाही असं ठरलं होतं. दोन वाजता ठमी खांद्यावरच झोपली. दाभण शेजारीच चालत होता. त्याने पहिला फटका ऐकला, बायकोची किंकाळी ऐकली, आणि दोघी भिंतीकडे ढकलल्या गेलेल्या पाहिल्या. बायकोचं गळ्याजवळचं हाड काळंनिळं झालं. ठमीच्या कानामागची कातडी फुटून रक्त आलं.

त्या संध्याकाळी त्याने सहाही गाद्यांच्या गाठी सोडल्या, त्यांची घडी घातली आणि कपाटावर ठेवून दिल्या.

६

उघड्या कॉटमध्ये ठक पुन्हा सुरू झालं, आणि ठमीला काही झालं नाही. एक ओरखडाही नाही. आता त्यांनी तिला डोक्याकडच्या कठड्यापासून शक्य तितकं खाली सरकवून झोपवायला सुरुवात केली. ती झोपायची, गज वाजायचे, तीनला ती हसत उठायची.

माणूस कशालाही सरावतो. आठवड्याभरात दाभण ठकच्या तालात मशीन चालवायला लागला. आवाज येतोय तोवर ठीक. मधे कधी आकडे पाचावर गेले की पुढचा ठक येईपर्यंत मशीन थांबायचं.

रविवारी सासूबाईंनी कॉट पाहिली. "गाद्या काढल्या? कोणी काढायला लावल्या, हिने?"

"ताईंचं बरोबर होतं," दाभण म्हणाला. "गाद्या नकोच."

ताई चहाच्या कपात बघत बसली. तिने मान वर केली नाही.

मग एक गज तडकला. दाभणने जाऊन सुताराला दाखवला. सुताराने तो उलटापालटा करून पाहिला. "पोर आहे का बोकड?" तो म्हणाला आणि नवा बसवून दिला. नवा चार दिवस टिकला. त्यानंतर दोन एकदम गेले. आवाज वाढत होता. पूर्वी बोटांच्या पेरांनी दार वाजवल्यासारखा यायचा, आता कॉटच जमिनीवर इंच-इंच सरकायची. खाली फरशीवर चार पायांचे चार ओरखडे पडले होते.

दाभण वेल्डिंगवाल्याकडे गेला.

"कठडा? लोखंडी?" वेल्डिंगवाल्याने काळा चष्मा कपाळावर सरकवला. "कशाला हवा?"

"मुलीच्या कॉटला."

"वाघीण आहे का?" तो हसला. दाभण हसत नाही असं पाहून त्याने मापाचा कागद घेतला. "सळई किती जाड?"

"तुमच्याकडे असेल ती सगळ्यात जाड."

"गुरुवारी देतो."

"त्याआधी?"

"दाभण, मी काय भट्टीत झोपू? गुरुवारी. सकाळी येऊन घेऊन जा."

बुधवारची दुपार तेवढी काढायची होती. डोक्याकडच्या कठड्याचे चार गज उरले होते.

७

बुधवारी ठमीला सकाळी लस दिली आणि तिला ताप चढला. बायको निघताना दोनदा परत फिरली. "ती झोपली तर?" ती म्हणाली. "मी जात नाही."

"परवा रजा घेतलीस, त्याआधीही घेतलीस. जा. मी तिला झोपू देत नाही," तो म्हणाला. "गुरुवारपर्यंतचाच प्रश्न आहे."

सकाळभर त्याने तिला जागं ठेवलं. खुळखुळा वाजवला, तळव्यांना गुदगुल्या केल्या, खिडकीशी उभं राहून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी दाखवली. साडेबाराला त्याने ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं. ती त्याच्याकडे पाहत होती आणि तिच्या पापण्या मिटत होत्या. एकच्या सुमाराला तिला झोप लागली. तापातली झोप. त्याने हलवलं, हाक मारली, गालाला चिमटा काढला. तिने फक्त श्वास सोडला.

हातात धरता येत नव्हतं, खाली ठेवता येत नव्हतं. त्याने तिला कॉटमध्ये ठेवलं, पायांकडे, शक्य तितकं खाली. मग पळत जाऊन मशीनशेजारची फळी आणली, ज्यावर तो रेक्झिन कापायचा ती, आणि सुतळीने डोक्याकडच्या गजांना बांधली. जाड फळी होती. वीस वर्षं जुनी.

एक, दोन, तीन, चार.

पहिल्या फटक्याला कॉट हातभर पुढे सरकली. दुसऱ्याला एक गज मधोमध तुटला आणि त्याची ढलपी दाभणच्या हनुवटीत घुसली. तो ओढून काढेपर्यंत तिसरा. फळी उभी चिरली, बंदुकीसारखा आवाज करून, आणि दोन भाग दोन बाजूंना पडले. चौथ्याला आणखी दोन गज गेले. उरलेला एक लोंबकळत होता. पाचव्याला तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला.

डोक्याकडची बाजू आता उघडी होती. वरचा दांडा, खालचा दांडा, मध्ये हवा. कॉटमध्ये टणक म्हणावं असं एकच काही उरलं होतं आणि ते झोपेत ओठ चोखत होतं.

एक.

हातोडी पुढच्या खोलीत होती. जाऊन येईपर्यंत सात-आठ आकडे झाले असते. स्टूल प्लास्टिकचं. कपाटावर, हात वर केला की लागेल अशा जागी, सहा गाद्या होत्या.

दोन.

एक गादी काढून आपल्या डोक्याला गुंडाळावी, हा विचार त्याला येऊन गेला. हात वरपर्यंत गेलासुद्धा. मऊ लागलं की ते काय करतं हे त्याला माहीत होतं. त्याने हात खाली घेतला.

तीन.

तो कॉटसमोर गुडघ्यावर बसला, दोन दांड्यांच्या मध्ये डोकं घातलं आणि कपाळ पुढे केलं.

फटका बसला तेव्हा आवाज त्याला बाहेरून ऐकू आला नाही, आतून आला, दातांतून. सगळं पांढरं झालं. नाकातून गरम काहीतरी वरच्या ओठावर उतरलं. त्याच्या हातांनी दांडा सोडला नाही, एवढंच त्याला कळलं. ठमीच्या श्वासाचा आवाज येत होता. तापात घरघरतो तसा, पण एकसारखा.

दुसऱ्याला भुवई फुटली. तिसऱ्याला तो काही क्षण कुठेच नव्हता. परत आला तेव्हा गुडघे फरशीवर घसरलेले होते. त्याने ते पुन्हा जागेवर आणले.

चौथ्याच्या आधी त्याने डोळे उघडले. उघडायचे नाहीत असं ठरवलं होतं. पण आकडे चुकले असतील, कपाळ नीट समोर नसेल आणि ते बाजूने निघून जाईल, ही भीती जास्त मोठी होती.

त्याच्या आणि ठमीच्या मध्ये, वीतभर अंतरावर, एक कपाळ होतं. त्याच्यापेक्षा दोन बोटं रुंद. त्यावर उभ्या रेघा होत्या, कठड्याच्या गजांइतक्या अंतरावर. काही जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. काही ओल्या. त्यांच्याखाली डोळे मिटलेले होते. घट्ट नाही, सहज, झोपलेल्या माणसाचे. तोंडातून दुधाचा वास येत होता. ते झोपलं होतं. काहीच न कळता, गाढ, आणि झोपेतच मान मागे घेत होतं.

त्याला वाटलं होतं, त्या चेहऱ्यावर राग असेल. रागावलेल्याला काही सांगता येतं. हात जोडता येतात, शिव्या देता येतात.

"ए," तो हळूच म्हणाला. ठमीला पाठीवर थोपटताना म्हणायचा तसं. "ए बाळा. इकडे. इकडेच."

झोपलेले ओठ हलले. मान जराशी वळली, आवाजाच्या दिशेला, ठमीपासून लांब, त्याच्याकडे.

बायको यायला अजून दोन तास होते. लोखंड उद्या मिळणार होतं. दाभणने शर्टाच्या बाहीने डोळ्यांतलं रक्त पुसलं, दोन्ही हातांनी वरचा दांडा पकडला आणि मान ताठ केली.